गाण्याची चोरी आणि विद्यापीठाची नोटीस

२००७ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाने वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक नोटीस काढली. नोटीस जेमतेम काही ओळींची आहे. तिचा मथितार्थ असा : डीएमसीए या कायद्याचा भंग हा गुन्हा आहे, कॉपीराइट असलेले साहित्य डाउनलोड करताना सापडलात तर वसतिगृहातली इंटरनेटची जोडणी कायमची जाईल, दुसरी सूचना मिळणार नाही, सबब ऐकली जाणार नाही, पैसे परत मिळणार नाहीत. वसतिगृहात राहाल तोवर हीच स्थिती.

त्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांनी असे काही ना काही जाहीर केले होते. कॅन्ससची नोटीस मी मुद्दाम निवडली, कारण इतरांनी चारपाच पानांत जे गुळमुळीत मांडले ते तिने चार वाक्यांत उघड करून टाकले. एखाद्या संहितेचा शब्दन् शब्द तपासावा तशी ही नोटीस तपासली तर काय हाती लागते, हा या लेखाचा विषय आहे.

मी वकील नाही, कुठल्या विद्यापीठाशीही माझा संबंध नाही. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या जमवण्याच्या नादापायी मला कॉपीराइटचा कायदा वाचावा लागला. लेबलावरचा क्रमांक, कंपनी, साल यांचा मेळ घालता घालता ‘हे आता कोणाचे?’ हा प्रश्न येतोच, आणि एकदा आला की सुटत नाही. पंचवीसेक वर्षे त्यातच गेली. या प्रश्नावर विद्यापीठे काय म्हणतात ते पाहावे म्हणून मी त्यांची धोरणे वाचू लागलो. अपेक्षा अशी होती की ज्या संस्थेत कायदा, संगीत आणि संगणक हे तिन्ही विषय शिकवले जातात, तिथले याविषयीचे लेखन सर्वांत नेमके असेल. प्रत्यक्षात ते सर्वांत ढिसाळ निघाले.

नोटिशीतले पहिलेच वाक्य घ्या. डीएमसीए हा १९९८ चा कायदा. त्यात दोन गोष्टी प्रमुख आहेत : डिजिटल कुलुपे फोडण्याला बंदी, आणि इंटरनेट पुरवणाऱ्या मध्यस्थांना काही अटींवर संरक्षण. वसतिगृहातल्या मुलाने मित्राच्या संगणकावरून गाणे उतरवून घेतले तर त्याने डीएमसीएचा भंग केलेला नसतो. भंग होतो तो १९७६ च्या मूळ कॉपीराइट कायद्याचा. मग नोटिशीत डीएमसीए का आला? तो विद्यापीठाच्या डोक्यावर होता म्हणून. ज्या कायद्याखाली विद्यापीठाला संरक्षण हवे होते, त्याचेच नाव विद्यार्थ्याच्या अपराधाला देऊन टाकले.

दुसरे वाक्य याहून वाईट आहे. ‘कॉपीराइट असलेले साहित्य डाउनलोड करणे’ हा अपराध कसा होईल? अमेरिकी कायद्यानुसार एखादी स्वतंत्र रचना कागदावर किंवा फितीवर उतरली की त्या क्षणी तिला कॉपीराइट मिळतो. अर्ज लागत नाही, शिक्का लागत नाही. प्राध्यापकाच्या टिपणांना तो आहे, विद्यार्थ्याच्या निबंधाला आहे, एवढेच काय, या नोटिशीलाही असू शकतो. पैसे भरून आयट्यून्सवरून घेतलेले गाणे कॉपीराइट असलेलेच असते. ग्रेटफुल डेड या बँडने आपल्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण करायला आणि पैसे न घेता ते आपसात वाटायला श्रोत्यांना मोकळीक दिली होती. त्या मुद्रणांवरही कॉपीराइट होता. विद्यापीठाला ‘परवानगीशिवाय’ म्हणायचे असणार, हे उघड आहे. पण जो नियम एका चुकीसाठी कायमची शिक्षा ठोठावतो, त्यात हाच शब्द गाळलेला चालत नाही. भाडेकरारात असा शब्द गाळला तर आपण सही करत नाही.

तिसरी गोष्ट ‘डाउनलोड’ या शब्दाची. ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे आरआयएएने, नेमलेले तपासनीस लोकांच्या संगणकावरचे सामायिक फोल्डर पाहत. म्हणजे त्यांना दिसे ते देणे, घेणे नव्हे. देण्याला जबाबदार धरण्यासाठी नुसते फोल्डर उघडे असणे पुरे, की प्रत्यक्ष कोणी प्रत नेल्याचा पुरावा हवा, यावर तिकडची न्यायालये पुढे बरीच वर्षे भांडत राहिली. विद्यापीठांच्या नोटिशीत मात्र सगळीकडे ‘बेकायदा डाउनलोडिंग’. वर्तमानपत्रांनी रूढ केलेला शब्द विधिशाखा असलेल्या संस्थांनी जसाच्या तसा उचलला.

आणि या सगळ्यावर पांघरूण घालणारा शब्द म्हणजे ‘चोरी’. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे डाउलिंग नावाचा एक खटला होता. आरोपीने एल्व्हिस प्रेस्लीच्या अनधिकृत तबकड्या टपालाने देशभर विकल्या होत्या. चोरीचा माल राज्याबाहेर नेल्याचा आरोप त्याच्यावर ठेवता येतो का, हा प्रश्न होता. न्यायालयाने बहुमताने नाही म्हटले. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती ब्लॅकमन यांचे म्हणणे असे की कॉपीराइटचा भंग हा भंगच आहे, पण तो चोरीच्या खणात सहज बसत नाही. भंग करणारा हक्कावर अतिक्रमण करतो, पण मालकाच्या हातची वस्तू नाहीशी करत नाही. हा निकाल गाण्याच्या तबकड्यांविषयीचाच, आणि या नोटिशा निघाल्या तेव्हा त्याला वीसेक वर्षे होऊन गेलेली. (मराठीतही आपण वेगळा घोळ घालतो. वाङ्मयचौर्य म्हणजे दुसऱ्याचे आपल्या नावावर खपवणे. त्यात कॉपीराइट असेलच असे नाही. ज्ञानेश्वरीतली ओवी कोणी स्वतःची म्हणून छापली तर ते चौर्य खरे, कॉपीराइटचा भंग मात्र नाही. आपल्याकडच्या परिसंवादांत या दोन्हींची सर्रास खिचडी होते.)

विद्यापीठे इतकी घायकुतीला का आली, त्यालाही पार्श्वभूमी आहे. १९९९ मध्ये बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या शॉन फॅनिंग या विद्यार्थ्याने नॅप्स्टर आणले. वसतिगृहांतले वेगवान इंटरनेट आणि नॅप्स्टर ही जोडी अशी जमली की काही महिन्यांत विद्यापीठांच्या तारा गाण्यांनी तुंबल्या. एप्रिल २००० मध्ये मेटालिका या बँडने नॅप्स्टरवर दावा लावला, त्यात येल, इंडियाना आणि सदर्न कॅलिफोर्निया या तीन विद्यापीठांनाही ओढले. येल आणि इंडियाना यांनी लगोलग नॅप्स्टर बंद केले आणि त्यांची नावे दाव्यातून वगळली गेली. वर्गातल्या चर्चेने जे झाले नसते ते एका समन्सने झाले, आणि तो धडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. २००३ मध्ये आरआयएएने प्रिन्स्टन, मिशिगन टेक आणि रेन्सेलर इथल्या चार विद्यार्थ्यांवर थेट दावे केले. महिन्याभरात तडजोड झाली. प्रत्येकी १२,००० ते १७,५०० डॉलर. फेब्रुवारी २००७ मध्ये मोहीम पद्धतशीर झाली. तेरा विद्यापीठांकडे चारशे पत्रे गेली : ज्याच्या संगणकावरून हे झाले त्याला हे पत्र पोचवा, त्याने आत्ताच तडजोड केली तर स्वस्तात सुटेल. स्वस्तात म्हणजे साधारण ३,००० डॉलरच्या घरात.

कायद्याने विद्यापीठाकडून नेमके काय मागितले होते, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे. डीएमसीएच्या ५१२ व्या कलमात मध्यस्थांचे प्रकार वेगळे केले आहेत. तुमच्या सर्व्हरवर कोणी मजकूर ठेवला असेल तर तक्रार आल्यावर तो हटवावा लागतो. पण तुम्ही नुसती तार पुरवत असाल, आणि वसतिगृहाच्या बाबतीत विद्यापीठ तेवढेच करते, तर हटवण्यासारखे तुमच्याकडे काही नसतेच. २००३ च्या डिसेंबरात व्हेरायझन प्रकरणात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने याच भेदावर बोट ठेवले आणि आरआयएएला न्यायाधीशाच्या आदेशाविना ग्राहकांची नावे मागवायला मनाई केली. तारवाल्यावर उरते ती एक जबाबदारी : वारंवार भंग करणाऱ्यांची जोडणी योग्य परिस्थितीत तोडण्याचे धोरण असावे.

‘वारंवार’, ‘भंग करणारा’ आणि ‘योग्य परिस्थितीत’. कायद्याने घातलेल्या या तीन अटी कॅन्ससच्या नोटिशीशेजारी ठेवून पाहा. वारंवारच्या जागी एकदा आले, भंग करणाऱ्याच्या जागी सापडलेला, आणि योग्य परिस्थितीच्या जागी ‘सबब ऐकणार नाही’. म्हणजे मागितले नव्हते तेही विद्यापीठाने देऊ केले, आणि ते स्वतःच्या खिशातून नव्हे.

इथे एक गोष्ट माझ्या बाजूविरुद्ध जाते, ती सांगितली पाहिजे. भंग करणारा म्हणजे न्यायालयात सिद्ध झालेलाच, असे काही अभ्यासक म्हणत आले. २०१८ मध्ये कॉक्स या केबल कंपनीच्या खटल्यात चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते फेटाळले. न्यायालयीन निकाल असणे आवश्यक नाही, असे ठरवले. ठीक आहे. पण निकाल नको याचा अर्थ चौकशीही नको असा होत नाही, आणि ‘वारंवार’ हा शब्द तर त्या निकालानंतरही कायद्यात आहेच.

स्टॅनफर्डने दुसरी वाट काढली. २००७ च्या सप्टेंबरपासून तिथे जोडणी परत हवी तर शुल्क भरायचे : पहिल्या तक्रारीला वेळेत उत्तर दिले नाही तर १०० डॉलर, दुसऱ्या तक्रारीला ५००, तिसऱ्याला १,०००. याला दंड म्हणत नव्हते, कार्यालयीन खर्चाची भरपाई म्हणत होते. तक्रार हाताळायला मनुष्यबळ लागते, हे मान्य. पण तिसऱ्या तक्रारीचा कागद पहिलीपेक्षा दहापट जड कसा असेल, हे मला कळलेले नाही.

तक्रार म्हणजे पुरावा, असे मानून चालल्याने काय होते, ते वॉशिंग्टन विद्यापीठातल्या तीन संगणकशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवले. पियाटेक, कोनो आणि कृष्णमूर्ती हे ते तिघे. बिटटॉरेंटच्या जाळ्याचा अभ्यास करताना त्यांनी कोणतेही गाणे वा चित्रपट उतरवला नाही, तरी त्यांच्या यंत्रांच्या नावाने शेकडो तक्रारी आल्या. मग त्यांनी मुद्दाम काही निरुपद्रवी उपकरणांचे आयपी पत्ते जाळ्यात पेरले. यथावकाश विद्यापीठातल्या छपाईयंत्रांवर चित्रपट उतरवल्याच्या तक्रारी आल्या. छपाईयंत्र कॅन्ससच्या वसतिगृहात असते तर त्याची जोडणी आजन्म गेली असती. सबब सांगायची सोय नव्हतीच. विनोद बाजूला ठेवू. तक्रार करणारा आयपी पत्ता देतो, माणूस देत नाही. त्या पत्त्यामागे खोलीत दोघे राहतात, मित्र येऊन बसतात, वायरलेस उघडे असते.

काही विद्यापीठे याच मुद्द्यावर अडून बसली, आणि त्यांच्यामुळे इतरांची ‘आमचा नाइलाज होता’ ही ढाल टिकत नाही. विस्कॉन्सिन-मॅडिसनने २००७ च्या मार्चमध्ये तडजोडीची पत्रे पोचवायला नकार दिला : न्यायालयाचा आदेश आणा, पाळू, तुमचा टपालवाला होणार नाही. ओरेगन विद्यापीठ त्याच वर्षी आणखी पुढे गेले. १७ विद्यार्थ्यांची नावे मागणारा आदेश आला तेव्हा राज्याचे महाधिवक्ता हार्डी मायर्स यांच्यामार्फत त्याने तो रद्द करण्याची मागणी केली : एका खोलीत दोन विद्यार्थी असताना कोणाचे नाव द्यायचे हे ठरवायला आम्हालाच तपास करावा लागेल, आणि तो आमचे काम नाही. मेन राज्यात विद्यापीठाच्या विधिशाखेतल्या विद्यार्थ्यांनी आपल्या सहाध्यायांची वकिली केली. हार्वर्डच्या चार्ल्स नेसन या प्राध्यापकांनी लेख लिहून विद्यापीठांना उघड सांगितले की आरआयएएला वाट दाखवा. कोणाचेही दार यामुळे बंद पडले नाही.

विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे कलावंतांविषयीचे आहे, आणि ते मला लागते. आपल्या संगीत नाटकांच्या गायक-वादकांनी आयुष्याची अखेर कशी काढली हे ज्याला ठाऊक आहे, त्याने ‘फुकट ऐकण्याचा हक्क’ वगैरे बोलू नये. फुकट घेणाऱ्या मुलांची वकिली मी करत नाही. बोस्टन विद्यापीठातल्या टेनेनबॉम या संशोधक विद्यार्थ्याचा खटला नेसन यांनीच लढवला. अख्खे गाणे उतरवून घेणे हा ‘उचित वापर’ आहे हा त्यांचा युक्तिवाद न्यायालयाने उडवून लावला, तो योग्यच. टेनेनबॉमने आधी खोटे सांगितल्याचे साक्षीत कबूल केले. तो नायक नव्हे.

पण २००९ च्या जुलैमध्ये ज्यूरीने त्याला ठोठावलेली रक्कम पाहा : ३० गाण्यांसाठी ६,७५,००० डॉलर, म्हणजे गाण्यामागे २२,५००. तेच गाणे दुकानात ९९ सेंटला मिळत होते. कायद्यातली किमान भरपाई गाण्यामागे ७५० डॉलर, एरवीची कमाल ३०,०००, जाणूनबुजून भंग केल्यास १,५०,०००. न्यायाधीश नॅन्सी गर्टनर यांनी रक्कम दहापटीने कमी केली. अपिलात ती पुन्हा पूर्ववत झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लक्ष घालायला नकार दिला. बोस्टनच्याच इतर विद्यार्थ्यांविषयीच्या एका प्रकरणात याच गर्टनरबाईंपुढे विद्यापीठाने सांगितले होते की मागितलेल्यांपैकी काही पत्त्यांमागचा माणूस आम्ही तांत्रिकदृष्ट्या खात्रीने ओळखू शकत नाही. तो प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. कारण ओळख चुकली तर या आकड्यांच्या तोंडी कोण जाणार होते, हे विद्यापीठाला दिसत होते.

२००८ च्या डिसेंबरात आरआयएएने हे सरसकट दावे थांबवत असल्याचे जाहीर केले. तोवर पाच वर्षांत सुमारे ३५,००० लोकांना गोवले गेले होते. विद्यापीठांची धोरणे मात्र थांबली नाहीत. तोपर्यंत ती कायद्यात जाऊन बसली होती. १४ ऑगस्ट २००८ च्या उच्च शिक्षण कायद्याने अट घातली की सरकारी विद्यार्थी-अर्थसाहाय्य हवे असेल तर प्रत्येक संस्थेने दरवर्षी विद्यार्थ्यांना ताकीद द्यावी, अटकावाची योजना आखावी, तिच्यात निदान एक तांत्रिक उपाय असावा, आणि शक्य तिथे कायदेशीर पर्याय पुरवावेत. या अटीमागे एक आकडा होता. चित्रपट कंपन्यांच्या संघटनेने २००५ च्या पाहणीचा हवाला देऊन सांगितले होते की देशातल्या त्यांच्या नुकसानीपैकी ४४ टक्के कॉलेजच्या विद्यार्थ्यांमुळे होते. जानेवारी २००८ मध्ये त्याच संघटनेने कबूल केले की आकडा चुकला. खरा १५ टक्क्यांच्या आसपास. एज्युकॉज या संस्थेच्या मार्क लुकर यांनी लक्षात आणून दिले की ऐंशी टक्क्यांहून अधिक विद्यार्थी विद्यापीठाच्या आवाराबाहेर राहतात, तेव्हा विद्यापीठांच्या तारांचा वाटा ३ टक्के धरणे अधिक रास्त. ४४ चे ३ झाले. कायदा सात महिन्यांनी, जणू ४४ च असल्यासारखा, संमत झाला.

‘कायदेशीर पर्याया’ची गंमत थोडक्यात सांगतो. पेन स्टेट विद्यापीठाने २००३ मध्येच, नॅप्स्टरचे नाव विकत घेतलेल्या नव्या कंपनीशी करार करून, विद्यार्थ्यांना गाणी पुरवली. आयपॉडवर ती चालत नसत, आणि गाणे स्वतःकडे ठेवायचे तर वेगळे ९९ सेंट. कॉर्नेलने असाच करार २००६ मध्ये, मुले वापरत नाहीत म्हणून, सोडून दिला. वसतिगृहांसाठीच निघालेली रकस नावाची सेवा २००९ च्या फेब्रुवारीत बंद पडली. करार कोणी केले? प्रशासनाने. संगीत विभागाला कोणी विचारले होते का, याचा मागमूस मला धोरणांत कुठे दिसला नाही.

आणि इथे माझा मूळ प्रश्न परत येतो : हे आता कोणाचे? १९७२ च्या फेब्रुवारीपूर्वीची ध्वनिमुद्रणे अमेरिकेच्या केंद्रीय कॉपीराइट कायद्यात नव्हतीच. ती राज्याराज्यांच्या कायद्यांवर सोडली होती. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने नॅक्सॉस प्रकरणात ठरवले की कासाल्स आणि मेन्युहिन यांची १९३० च्या दशकातली, ब्रिटनमध्ये मुक्त झालेली मुद्रणेही न्यूयॉर्कमध्ये संरक्षित आहेत. म्हणजे २००७ मध्ये जुन्या ब्लूजवर प्रबंध लिहिणाऱ्या मुलाने एखादी तबकडी उतरवली तर कोणता कायदा लागू, हे राज्यागणिक बदलत होते, आणि डीएमसीए तिथे लागू पडतो की नाही हेच वादात होते. २०१८ च्या संगीतविषयक कायद्याने थोडी शिस्त आली : १९३५ मध्ये न्यूयॉर्कला निघालेली तबकडी तिकडे २०३५ च्या अखेरपर्यंत बांधलेली.

१९३५ मध्ये मुंबईत निघालेली तबकडी मात्र भारतात १९९५ अखेर मोकळी झाली, कारण आपल्याकडे ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर साठ वर्षे. पण तबकडीचा हक्क वेगळा आणि पदाचा वेगळा. पद लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे ते बांधलेले. ‘मानापमान’ १९११ चे, पण खाडिलकर वारले १९४८ मध्ये, म्हणून त्यांची पदे २००९ पासून मोकळी. बालगंधर्वांनी गायलेली खाडिलकरांची पदे तबकडी म्हणून आधी सुटली, काव्य म्हणून नंतर. खाजगी अभ्यासासाठी केलेल्या प्रतीची आपल्या कायद्यातली सवलत २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत ध्वनिमुद्रणांना नव्हतीच, हेही फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणजे त्याआधी एखाद्या संशोधकाने हक्काखालची तबकडी निव्वळ अभ्यासासाठी फितीवर घेतली असेल तर त्याच्या पाठीशी ते कलम नव्हते. आपल्या कुठल्या विद्यापीठाने तेव्हा याबद्दल आवाज उठवला?

आवाज उठवता येतो, हे दिल्लीत दिसले. गाण्यांच्या नव्हे, पुस्तकांच्या बाबतीत. तीन परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी या फोटोकॉपीच्या दुकानावर आणि विद्यापीठावरही दावा लावला. विद्यापीठाने दुकानदाराला वाऱ्यावर सोडले नाही. अभ्यासक्रमाची पाने छापून वाटणे हा शिकवण्याचाच भाग आहे, असे म्हणत ते लढले, विद्यार्थी आणि शिक्षक त्यांच्या संघटना करून खटल्यात उतरले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायमूर्ती एंडलॉ यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबरात खंडपीठाने कायद्याचा अर्थ बहुतांशी तोच ठेवला, काही वस्तुस्थितीपुरते प्रकरण परत पाठवले. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

अमेरिकेतल्या विद्यापीठांची वार्षिक ताकीद अजूनही निघते. कायदा तसाच आहे. मुले आता गाणी उतरवत नाहीत, प्रवाहातून ऐकतात, तरी ७५०, ३०,००० आणि १,५०,००० हे आकडे दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांपुढे येतात. मी वाचलेल्या ताकिदींपैकी एकीतही कॉपीराइट संपतो कधी, याविषयी ओळ नाही. अधिक माहितीसाठी बहुतेकांनी संगणक कक्षाशी संपर्क साधायला सांगितले आहे.